विठाबाईच्या नावचे पाच खडे

कळंबच्या गल्लीत बांगड्या भरणारी सकिनाबी आली की लहान पोरीसुद्धा हात पुढं करत. कितीही आखडलेला हात ती बोलत बोलत, दाबत दाबत असा मऊ करी की बांगडी कधी मनगटात उतरली ते कळत नसे. एका घरातलं दुसऱ्या घरात नेणं तिच्या स्वभावातच नव्हतं. म्हणून बायका तिच्यापाशी मन मोकळं करत.

ती स्वतः एकदाच मोकळी झाली, आणि नेमकी द्वारकाबाईंपाशी.

द्वारकाबाई मुलींच्या शाळेत शिकवत. हैदराबादच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या. देशोदेशींच्या देवधर्मांतली साम्यं त्या एका वहीत टिपत. एका पानावर मथळा होता ‘खडे’. यहुदी कबरीवर खडा ठेवतात. तिबेटात घाटमाथ्यावर वाटसरू दगड रचतो. हाजी खडे वेचून सैतानाच्या खांबाला मारतात. आणि येरमाळ्याला चैत्री पुनवेच्या जत्रेत येडाई देवीचे भक्त रानातले चुन्याचे खडे वेचतात.

एकदा बांगड्या भरून घेताना त्या हे सांगत असताना सकिनाबी बोलून गेली, “म्याबी वेचते की. दर साल पाच. कुणाला बोलू नका, बाई.”

का, हे द्वारकाबाईंनी विचारलंच नाही. त्यांना उदाहरण मिळालं होतं.

सत्तावन्नच्या संक्रांतीला महिला मंडळात त्यांनी निबंध वाचला, आणि सर्व धर्मांचं मूळ एकच, हे पटवायला सकिनाबीचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. सकिनाबी मागंच बांगड्या भरत बसली होती.

“अगं बया!” मंडळातली महालिंगप्पाची सून म्हणाली. “मग औंदा येडाईची ओटीबी भरणार का, सकिनाबी?”

हशा पिकला. सकिनाबीनं हातातला हात सोडला नाही. राहिलेल्या दोन बांगड्या भरल्या, गाठोडं बांधलं आणि निघून गेली.

चैत्र लागला तरी ती फिरकली नाही, तेव्हा द्वारकाबाईच तिच्या घरी गेल्या. तिनं पाणी दिलं.

“माझं चुकलं, सकिनाबी.”

“पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत आमच्या लोकांवर हल्ले झाले, तवा शेजारच्या विठाबाईनं मला अकरा दिस कडब्याच्या गंजीत लपवलं, बाई. पुढं तिचे पाय गेले. मरताना म्हणली, येडाईचे माझे दर सालचे पाच खडे राहत्यात गं. ज्याला जाणं होत न्हाय त्याच्या नावचा हज आमच्यात दुसरा करतो. तसे म्या तिचे खडे वेचते. माझा अल्ला माझ्या ठिकाणी हाय. आता घरचे इचारत्यात, तू देवीला मानती व्हय? जत्रंत बाया बोट दावतील. औंदा कशी जाऊ?”

द्वारकाबाईंच्या डोळ्यांपुढं वहीतलं ते पान आलं. कबर, घाट, खांब, सगळं होतं. कुणी कुणासाठी, हा रकानाच त्यांनी आखला नव्हता.

“मी वेचू?”

“तुमी विठाबाईला कुठं वळखता?” सकिनाबीनं पाण्याचा पेला उचलून ठेवला. मग म्हणाली, “पाच. बारके बघा, तिच्या मुठीत मावतील असे. अन् लिहू नका.”

भर उन्हात द्वारकाबाई येरमाळ्याच्या रानात वाकल्या. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, “कुणाचा नवस, बाई?”

“एकीचे राहिले होते,” एवढंच त्या बोलल्या.

सकिनाबी पुन्हा त्यांच्या गल्लीत येऊ लागली. द्वारकाबाईंचा हात हातात घेई, पण मुकाट्यानं. आणि बांगडी चढताना दर वेळी दुखे.