गंगेचा गडू

शेजारच्या काकांनी काशीहून आणलेला गंगेच्या पाण्याचा गडू तीन वर्षं माझ्या पुस्तकांच्या कपाटात होता. तांब्याचा, मुठीत मावेल एवढा, तोंड पक्कं बंद केलेलं. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण टाकूनही देववेना. पुस्तक काढताना धक्का लागला की आत पाणी हलायचं आणि क्षणभर त्या फळीवर एक नदी जागी व्हायची.

काल दुपारी तो कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या शांताबाईंना दिला. कपड्यांच्या गठ्ठ्यावरून सहज पुढे केला, नको असलेली वस्तू द्यावी तसा. त्यांनी इस्त्री उभी केली, हात पुसले आणि चपला काढल्या. तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहून त्यांनी गडू पदरात घेतला, कपाळाला लावला, मग कानाशी धरून हळूच हलवला. डोळे मिटून ऐकत राहिल्या. कुणी बघत नसताना मीही तेच करायचे.

वाटलं, हे पाणी माझ्याकडे नुसतं मुक्कामाला होतं. त्याला जायचं होतं इथंच. मी आपली वाटेतली धर्मशाळा.

"शेवटाला तोंडात दोन थेंब पडायला पाहिजेत," त्या म्हणाल्या. "आमच्यात कुणालाच मिळाले नाहीत बघा."

मग माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मी एकटी राहते, हे त्यांना माहीत आहे.

"आणि ताई, तुम्ही काळजी करू नका. तुमच्या वेळेला मी घेऊन येईन."