जेवणाआधीची कॅप्सूल

पंचवटीतले ढुंढिराजगुरुजी गेली अकरा वर्षं सकाळी उठले की देवपूजेच्याही आधी ॲसिडिटीची कॅप्सूल घ्यायचे. डॉक्टरांनी ती पोटातल्या अल्सरसाठी दिली होती, तीही दोन महिन्यांपुरती. अल्सर बरा झाला, कॅप्सूल राहिली. मेडिकलवाल्याला रिकामी पट्टी दाखवली की तो नवी पुढे करायचा. गुरुजींना ती सोडायची नव्हतीच, कारण ती घेतली की वडे पचत.

आणि वड्यांवर त्यांचं बरंच काही अवलंबून होतं. श्राद्धाला पितृस्थानी बसून जेवणं हे गुरुजींचं काम. भिक्षुकाला मुलगी कोण देतो? घरी एक खोली, एक गॅसची शेगडी आणि एकाचा भात. माणसांत बसून पोटभर जेवायचं ते पितृपक्षातच. त्यातही गंगापूर रोडच्या शैलाताईंचं घर त्यांच्या फार जिव्हाळ्याचं. ताईंच्या यजमानांच्या तिथीला नऊ वर्षं तेच जेवायला जात. ताई स्वतः वाढत, "अजून एक घ्या हो, ह्यांना फार आवडायचे," म्हणत, आणि मुलाच्या, मयुरेशच्या, तक्रारी सांगत. ते बोलणं गुरुजी वर्षभर पुरवून पुरवून आठवत.

यंदा त्यांचे पाय सुजले. रक्त तपासलं, तर किडनीचं क्रिएटिनिन वाढून दोनच्या वर. दवाखान्यातल्या तेजश्री मॅडमनी विचारलं, "ही कॅप्सूल कुणाच्या सांगण्यावरून घेताय?"

"तुमच्यापैकीच कुणाच्या तरी," गुरुजी म्हणाले.

"इतकी वर्षं घेतली की काहींच्या किडनीला त्रास होतो. तुमचं त्यानंच झालं असं छातीठोक सांगत नाही, पण मी सांगते तशी हळूहळू बंद करू. आणि तळलेलं, तिखट अजिबात नको."

कॅप्सूल कमी झाली तशी पोटात आग पडायला लागली. मऊ भात तेवढा सोसे. पितृपक्ष तोंडावर आला तेव्हा गुरुजींनी शैलाताईंना फोन करून खरं काय ते सांगून टाकलं. "येतो, पण वडे नाही चालणार. मऊ भात नि दूध घेईन. चालेल ना?"

ताई अडखळल्या. "अहो, वर्षातून एकदा जेवतात हो हे... वड्यांशिवाय कसं उठवू त्यांना पानावरून? असू दे, मयुरेश दुसरे गुरुजी बघेल. तुम्ही तब्येत जपा."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. नऊ वर्षं त्या नवऱ्यालाच जेवू घालत होत्या. तिथीच्या दुपारी गुरुजी घरी मऊ भात घेऊन बसले आणि त्यांना रडू आलं.

दिवाळीनंतर क्रिएटिनिन दीडवर आलं. "छान!" मॅडम म्हणाल्या. "घरच्यांना सांगा, असंच सांभाळायचं म्हणून."

गुरुजी दवाखान्याच्या पायरीवर फोन हातात धरून बसले. घरचं म्हणजे कोण? शेवटी त्यांनी शैलाताईंचा नंबर लावला.

"मी ढुंढिराज बोलतोय."

"कोण ढुंढिराज?"

"मी... गुरुजी. तिथीला यायचो."

"अगंबाई, गुरुजी होय! अहो, तिथी तर होऊन गेली. आणि पुढच्या वर्षीचं मयुरेशनं त्या नव्या गुरुजींनाच सांगून ठेवलंय."

"हो, हो," गुरुजी म्हणाले, "तेच विचारायला फोन केला होता."