पहिला खेळ पेठेत

आमच्या माडीच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीवर, तांबड्या सॅटिनचं एक लांबरुंद वस्त्र वाऱ्याने फुगलेलं आहे, त्याच्या कडेची सोनेरी जर उन्हात नजर ठरू देत नाही, आणि खाली गल्लीतली पोरं खेळ थांबवून, माना वर करून ते बघताहेत... बालपण म्हटलं की इतरांना चिंचा-बोरं आठवतात. मला आधी ते वस्त्र आठवतं, आणि त्यामागोमाग कानाच्या पाळ्या गरम होतात. इतकी वर्षं झाली, पण शरम काही जुनी होत नाही.

ते वस्त्र माझ्या आईने शिवलं होतं, आणि ते पाठीवर बांधून माझा दिनूमामा आकाशात उडणार होता.

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत आईचं शिलाई मशीन दिवसभर चालायचं. बाबा बिद्रीला साखर कारखान्यात नोकरीला, आठवड्याने घरी येणारे. त्यामुळे घराला वास असायचा तो मशीनच्या तेलाचा, इस्त्रीखाली तापलेल्या कापडाचा आणि बेतायच्या खडूचा. आई बायकांची पोलकी शिवायची, पण तिचा खरा हातखंडा बैलांच्या झुलींचा. बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, जवळ आला की आसपासच्या खेड्यांतली माणसं तिच्याकडे यायची, आणि मग घरभर तांबडं-हिरवं कापड, आरसे, गोंडे, जरीचे गोट पसरायचे. ऐश्वर्य कसं दिसतं, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिने सजलेल्या बैलाकडेच बोट दाखवलं असतं.

मामा तिचा धाकटा भाऊ, पेठेतल्या तालमीचा नावाजलेला मल्ल. पहाटेची मेहनत आटोपून तो आमच्याकडे यायचा तेव्हा आखाड्याच्या मातीचा वास — ताक, हळद आणि तेल मुरलेला तो ओला, आंबूस, थंड वास — जिन्यातूनच त्याच्या आधी वर यायचा. मला एका दंडावर बसवून तो दुसऱ्या हाताने चहाची बशी तोंडाला लावायचा. एवढा बलवान माणूस आपला मामा आहे, हे मी शाळेत या ना त्या निमित्ताने सांगतच असे.

शाहूपुरीतल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याला, आम्ही त्यांना आप्पासाहेब म्हणायचो, सिनेमाचं भारी वेड. परदेशातले उडणारे, डोळ्यांतून आग ओकणारे वीर त्यांनी व्हिडिओवर पाहिले होते, आणि असला हिरो मराठीत का नसावा, या प्रश्नाने त्यांची झोप उडाली होती. एका मैदानात त्यांनी मामाची कुस्ती पाहिली आणि त्यांचा शोध संपला. तालमीच्या वस्तादांना मात्र हे रुचलं नाही. "दिनकर, माती एकदा सोडली की ती परत जवळ घेत न्हाय," ते म्हणाले, "इचार कर." मामाने विचार केला की नाही, कोण जाणे... पण त्याने तालीम सोडली, चित्रीकरणासाठी वजन उतरवलं, केस वाढवले आणि पाठीवरचं वस्त्र शिवायचं काम हक्काने आईवर टाकलं. आपलं सारं पुढचं आयुष्य त्याने त्या एका सिनेमावर लावलं होतं. तो चालला तर नट; न चालला तर मल्लही नाही आणि नटही नाही.

आईने आठ-पंधरा दिवस दुसरं कामच घेतलं नाही. मी टाचण्या हातात देत बसायची. सॅटिन सुळकन निसटायचं, सुईला दाद द्यायचं नाही. शेवटी कड नुसतीच कशी ठेवायची म्हणून तिने पेटीतून सगळ्यात रुंद जरीचा गोट काढला आणि चारी बाजूंनी लावला. मामाने ते आरशासमोर पाठीवर बांधलं तेव्हा ती डोळ्यांच्या कडा पुसत म्हणाली, "राजा दिसतोयस बघ." तो त्या वस्त्राला पंख म्हणायचा. आक्का, पंखांना इस्त्री कर. आक्का, पंख वाळत घाल.

सिनेमा तयार झाला आणि पहिला खेळ कुठे लावायचा, हा प्रश्न आला. आप्पासाहेब व्यापारी गडी. त्यांचं म्हणणं, लांब कुठेतरी लावू, तिथे ओळखपाळख नसते, माणसं जे दिसेल ते खरं मानतात. पण मामा ऐकेना. आमच्याकडे नव्या मल्लाची पहिली कुस्ती घरच्या मैदानात होते. आपल्या माणसांची आरोळी कानात घेऊनच तो मग मुलूख फिरतो. "माझ्या पेठेनं आधी बघाय पायजे," मामा म्हणाला, "मग जग बघंना का." सिनेमालाही त्याने कुस्तीचाच कायदा लावला. त्याची चूक म्हणायची तर ती एवढीच.

एका शुक्रवारी दुपारचा खेळ. थेटराच्या दारात हलगी कडाडत होती, सोडालेमनच्या बाटल्या फुटत होत्या, भडंगाचा लसणी वास सगळीकडे भरून राहिला होता. खाली सारी पेठ लोटलेली. वर बाल्कनीत पहिल्या दोन रांगा आप्पासाहेबांनी राखून ठेवलेल्या — सांगली, कराड, साताऱ्याकडचे थेटरमालक खास बोलावले होते. पब्लिक कसं उचलून धरतंय ते बघून, सिनेमा आपल्या गावी न्यायचा की नाही हे ते ठरवणार होते. त्यांच्या मागच्या रांगेत मी आणि आई. आई लग्नातला शालू नेसली होती आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

पडद्यावर मामाचं नाव आलं तेव्हा शिट्ट्यांनी छप्पर उडेल असं वाटलं. साध्या सदऱ्यातल्या मामालाही टाळ्या पडल्या. पुढे त्याच्यावर वीज पडते, धूर होतो, आणि त्या धुरातून तो तांबडं वस्त्र फडकावत, छाती काढून पुढे येतो... मग खालून एक शांत, कौतुकाने भरलेला आवाज आला.

"आयला, बेंदूर आला की रं."

हशा खालून वर असा आला की खुर्च्या हलल्या. त्यात कुचेष्टा नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन; घरचं पोर सोंग घेऊन आल्यावर घरातले हसतात, तसं ते हसू होतं. पण एकदा सुटलेलं हसू कुणाच्या हातात राहतं? मामाने भलीमोठी शिळा उचलली, तर ती गेल्या गणपतीतली आपल्याच मंडळाची थर्माकोलची दरड असल्याचं पोरांनी ओळखलं. तो दोरावर लोंबकळत उडाला, तर बायकांनी "दिनू, पडशील रं" म्हणून काळजी केली. खलनायकासमोर तो डोळे वटारून उभा राहिला, तर चारी बाजूंनी कुस्तीच्या डावांचे सल्ले सुटले — "बघतोस काय, ढाक लाव की." माझ्या मनगटावरची आईची पकड केव्हाच सैल झाली होती. तिने पदर ओढून घेतला होता आणि ती पडद्याकडे नाही, आपल्या बोटांकडे बघत होती.

आणि मग तो प्रसंग आला. खलनायक मामाला उचलून आपटतो, मामा उताणा पडतो. आता सारं संपलं असं वाटत असतानाच त्याच्यात दुप्पट बळ संचारतं, आणि तिथून पुढे अर्धा तास तो दुष्टांचा निकाल लावत सुटतो. सिनेमाचा सारा जीव त्या अर्ध्या तासात होता. पण आमची पेठ पडली कुस्तीची. पाठ मातीला लागली की आमच्यासाठी कुस्ती संपते. त्यानंतर कुणी कितीही उसळला तरी त्याला अर्थ नसतो. "पाठ लागली," कुणीतरी निवाडा दिला, "चितपट. चला, उठा." आणि माणसं खरोखरच उठली — हसत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकत, मैदान सुटल्यावर निघावं तशी. पडद्यावर मामा रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांसमोर जग वाचवत होता.

जिन्याच्या पायथ्याशी फेटा बांधलेला मामा पाहुण्यांसाठी हार घेऊन उभा होता. कराडकडचे मालक आप्पासाहेबांना बाजूला घेऊन म्हणाले, "इनोदी पिक्चर म्हणून लावायचा आसंल तर कळवा." ते हळू बोलले होते, पण मामाने ऐकलं. त्याच क्षणी बाहेर थांबलेली पेठ आत घुसली आणि तिने त्याला उचलून खांद्यावर घेतलं. हलगी पुन्हा सुरू झाली. काय झालं याची त्या माणसांना कल्पनाच नव्हती. त्यांच्या लेखी त्यांनी आपल्या पोराचा पराक्रम साजरा केला होता. खांद्यावर बसलेला मामा हसत होता, हात जोडत होता, आणि त्याच्या नजरेसमोरून पाहुणे एकेक करून रिक्षात बसून निघून जात होते. आई मला म्हणाली, "मागच्या दारानं चल."

सिनेमा दुसऱ्या आठवड्यात उतरला, आणि बाहेरगावी कुठेच लागला नाही. शाळेत मला कुणी चिडवलं तरी फारसं नाही, पण मामाचा विषय निघाला की मी कंपासपेटीत काहीतरी शोधू लागे. वस्तादांनी त्याला तालमीत ये म्हटलं. तोच गेला नाही. पुढे तो दुधाचा टेम्पो चालवू लागला. पेठ त्याला अजूनही मायेने हिरो म्हणायची, आणि ती हाक ऐकली की तो मान खाली घालून गिअर बदलायचा. आईने मात्र पुन्हा झूल शिवली नाही. गिऱ्हाईक आलं की डोळे अधू झालेत म्हणून सांगायची, आणि त्याच डोळ्यांनी पोलक्याची हातशिलाई करायची.

पुढच्या बेंदराला गावाकडचा एक नातेवाईक झुलीसाठी आला आणि आईचा नकार ऐकून तसाच उंबऱ्याशी बसून राहिला. मामा तिथेच होता. तो उठला, ट्रंक उघडली, घडी केलेले ते पंख काढले आणि त्याच्या मांडीवर ठेवले. "न्या की पावणं," तो म्हणाला, "बैलाला तरी शोभंल." आई आतल्या खोलीत निघून गेली. मशीनचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी डोकावून पाहिलं तर सुईखाली कापड नव्हतं.

आता आई नाही. कोल्हापुरात मल्टिप्लेक्स झालं त्या वर्षी माझ्या पाच वर्षांच्या मुलाने परदेशी महावीराच्या सिनेमाचा हट्ट धरला, आणि आजोबा पण हवेत म्हणून मामालाही ओढत नेलं. तोवर त्याचे गुडघे गेले होते. थंडगार अंधारात टोपी मांडीवर ठेवून तो अवघडून बसला होता. पडद्यावरच्या वीराच्या पाठीवरही तांबडं वस्त्र होतं, साधं, बिनगोटाचं. कुणी हसलं नाही. मग तो वीरही आपटला गेला, उताणा पडला... आणि मामाने अंधारात माझं मनगट धरलं, अगदी आईने धरलं होतं तसं. सारं थेटर श्वास रोखून, खुर्चीला खिळून बसलं होतं. पडलेल्या त्या माणसाकडे माझा मुलगा डोळे विस्फारून बघत होता, तो उभा राहणार याची पक्की खात्री असल्यासारखा.

मामा पडद्याकडे बघतच नव्हता. तो मान वळवून मागच्या रांगा बघत होता, एकेक चेहरा.

"पाठ लागली तरीबी," तो हलकेच म्हणाला, "कुणीच उठलं न्हाय बघ."