चुकीच्या बेटाचा इतिहास

मी आखातात, सोहारच्या एका ॲल्युमिनियम कारखान्यात आहे. आठवडाभर तिथे राहायचं आणि गुरुवारी संध्याकाळी अझैबाला घरी यायचं. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे कामासाठी नॉर्वेचा एक इंजिनिअर आला. साठीला टेकलेला, उंच, अगदी मोजकं बोलणारा. एकदा जेवताना त्याने सांगितलं की तो एका लहानशा बेटावरचा आहे आणि त्या बेटाची स्वतःची नगरपालिका आहे. मी नाव लिहून मागितलं. त्याने कागदी रुमालावर लिहून दिलं. त्यातल्या ओ या अक्षरावर एक तिरपी रेघ होती. पेन घसरलं असेल, असं समजून मी ती सोडून दिली.

शुक्रवारी दुपारी त्याला जेवायला बोलावलं होतं. मला भूगोलाची हौस, आणि पाहुण्याला त्याचंच गाव समजावून सांगायची खोड त्याहून मोठी. आठवडाभर मी त्या बेटाबद्दल मिळेल ते वाचत बसलो. रेघेशिवायचं नाव टाकलं आणि समोर बेट हजर झालं. नकाशे पाहिले, दीपगृह पाहिलं, दगडी चर्च पाहिलं. बायको म्हणाली, "अहो, त्याला जेवायला बोलावलंय, परीक्षेला नाही."

ती अलिबागकडची. तिने सुरमई तळली, सोलकढी केली. पाहुणा हाताने जेवायला लागला आणि मी सुरू झालो. हेरिंग माशांचे थवे किनाऱ्याला यायचे तेव्हा बेटावर कशी भरभराट होती, मासे फिरकेनासे झाले तेव्हा माणसं कशी अमेरिकेला गेली, सगळं सांगितलं. तो मान डोलवत होता. त्यामुळे मला आणखी चेव आला. शेवटी मी मूळ मुद्द्यावर आलो. शेजारचं एक छोटं बेट यांच्या नगरपालिकेत विलीन करायचं ठरत होतं, पण तिथली हट्टी माणसं काही केल्या ऐकत नव्हती. "इतकी थोडी माणसं, त्यांना कशाला हवी वेगळी नगरपालिका?" असं मी ठणकावून विचारलंही.

त्याने पाण्याचा घोट घेतला. मग शांतपणे म्हणाला, "ती हट्टी माणसं म्हणजे आम्ही."

ती तिरपी रेघ म्हणजे त्यांच्या भाषेतलं वेगळंच अक्षर होतं. रेघ असलेलं बेट त्याचं, बिनरेघेचं शेजारचं. विलीनीकरणाविरुद्ध झालेल्या सभेत त्याचे वडील बोलले होते म्हणे. आता सोलकढीच्या वाटीत बुडी मारता आली असती तर मी मारली असती. बायको मात्र इतकी हसली की तिला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं.

परत आल्यावर तिने त्याला सरळ विचारलं, तुमच्याकडे मासे सुकवतात का? मग तो बोलायला लागला. लाकडी मांडवांवर कॉड मासे टांगतात, उन्हात नाही, थंड वाऱ्यात. तिने बोंबलांच्या माळांचं सांगितलं. बोटी, भरती, वास, मांजरी, असं त्यांचं बराच वेळ चाललं. मी पुण्याचा. माझ्याजवळ भर घालण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी पानं उचलली. सोहारमध्ये इतके महिने काढले, पण गावाविषयी कोणी विचारलं नव्हतं, असं तो तिला म्हणाल्याचं मी आतूनच ऐकलं. माझं आठवड्याचं वाचन त्याने विचारण्यात धरलं की नाही, हे बाहेर जाऊन विचारायचा धीर झाला नाही.

जेवणानंतर त्याने आईला व्हिडिओ कॉल लावला. ती अजून तिथेच राहते. तिच्याकडे सकाळ होती, पाऊस पडत होता. त्याने आपल्या भाषेत तिला काहीतरी सांगितलं, आणि ती म्हातारी चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसली. तिने फोन खिडकीकडे फिरवला. खाली लाल रंगाची होड्यांची खोपटी, दोन मेंढ्या, पुढे राखाडी पाणी आणि पलीकडे धुक्यात एक काळपट टेकाड.

"ते तुमचं बेट," तो मला म्हणाला.

मी त्या टेकाडाकडे बघून हात हलवला.