उठून उभे राहणारे अण्णा

कुणीही दारात आलं की अण्णा उठून उभे राहत. दूधवाला असो, नाहीतर शेजारचं चार वर्षांचं पोर. त्यांच्या पत्नी, अक्का, चिडवत, "उद्या मांजर आलं तरी उठतील हे!" अण्णा म्हणत, "माणूस चालत आलाय की दारापर्यंत. आपल्याला उठायला काय होतंय?"

अण्णा मूळचे बेळगावचे, बंगळुरात एका कारखान्यात नकाशे काढत. साठच्या दशकात आमच्या इस्पितळात रक्तदाबाच्या एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. त्यासाठी ते दर गुरुवारी शहराबाहेरच्या येलहंक्याहून येत. दाब मोजून तक्त्यात लिहिणं माझं काम. आधी आडवं झोपवून, मग दोन मिनिटं उभं करून.

"उभं कशाला रे?" त्यांनी एकदा विचारलं. मी सांगितलं, मज्जातंतू रक्तवाहिन्यांना आवळून राहायचा हुकूम देतात, तो हे औषध अडवतं. त्या सैलावतात, दाब उतरतो. पण उठताना रक्त पायांत उतरू नये म्हणूनही तोच हुकूम लागतो. तो पोचला नाही तर भोवळ येते.

"म्हणजे माझ्या नसांना रजा दिलीत की," अण्णा हसले. "स्वल्पच द्या, कामं अडतात."

एका गुरुवारी मला मॅटिनी गाठायची होती. झोपवून दाब घेतला आणि उभ्याच्या रकान्यात अंदाजानं आकडा टाकला.

"आज उभं नाही करायचं?"

"नको, ठीक आहे सगळं."

"सरी, बरं तर," म्हणाले आणि शर्टाची बाही खाली केली.

त्या आकड्यावर विसंबून डॉक्टरांनी गोळी वाढवली. मी गप्प राहिलो. रविवारी मात्र राहवेना, येलहंक्याला गेलो. अण्णा ओसरीवर आराम करत पडले होते. मी फाटक उघडलं.

"अरे, ये ये!" म्हणत ते ताडकन उठले.

"अण्णा, उठू नका..."

तोवर ते कोसळले होते. पायरीच्या दगडावर डोकं आपटलं. संध्याकाळी गेले.

तेराव्याला अक्कांनी मला बाजूला घेतलं. "त्या गुरुवारी उभं करून बघितलंस की रे? तेव्हा बरं होतं?"

"बरं होतं," मी म्हणालो.

त्यांनी सुस्कारा सोडला. "मग तू कशाला जिवाला लावून घेतोस?" म्हणाल्या, आणि आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या.

मी ते प्यालो.