परडीची दुपार

सौंदडच्या योगराजला आसपासची गावं साप पकडणारा म्हणून ओळखत. फोन आला की तो जेवणाच्या ताटावरून उठून निघे. साप जंगलात सोडण्याआधी जमलेल्या लोकांना बजावून सांगे, "परड रातची चालते. रातच्यानं टॉर्चशिवाय धानाच्या बांधीत जाऊ नका. दिवसा भ्याचं काम नाही." परड म्हणजे घोणस. लोक त्याचं ऐकत, आणि पावसाळ्यात माणसं वाचतही.

यंदा डिसेंबरात हाडात शिरणारी थंडी पडली. एका दुपारी बायको राखी गाईसाठी धानाचं तणीस आणायला खळ्याकडे निघाली. दारातच थबकली.

"आई म्हणत होत्या, ढिगात काही सळसळते. पाहून येता का जरा?"

"भर दुपारी काऊन भेऊन राहिली?" योगराज खाटेवरून उठला नाही. "इतक्या थंडीत साप बिळात रायते."

तणसाच्या ढिगाच्या उन्हाकडल्या अंगाला परड पडून होती. राखीने पेंढीला हात घातला आणि ती डसली.

गोंदियाला पोचेस्तोवर राखीच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. इंजेक्शनं झाली, पण लघवी बंद पडली. डॉक्टर सहज बोलून गेले, "हिवाळ्यात घोणशीचे पेशंट दिवसाच जास्त येतात. रात्रीच्या गारठ्यात तिला हलता येत नाही, मग ती उन्हात निघते. तिचं घड्याळच फिरतं."

योगराज आजवर गावोगाव याच्या उलटच सांगत आला होता. त्याच आठवड्यात राखी गेली.

तेरवी झाल्यावर आई, कुंदाबाई, एकदाच बोलली, "राखी तुले पाहाले सांगत होती. तू उठला नाही." मग तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं.

तरी तो चौकात गेला. "थंडीत परड दिवसा निघते..." त्याने सुरुवात केली.

"आता सांगून राहिला?" कुणीतरी म्हणालं. तो तसाच परतला.

त्यानंतर उन्हात दिसेल तो साप गाव ठेचू लागलं. योगराजला कुणी बोलावेना. एका सकाळी देवळाच्या पायरीवर ऊन खात पडलेल्या धामणीभोवती काठ्या घेऊन माणसं जमली. धामण बिनविषारी. हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. शब्द ओठांवर आले. पण आपल्याला ठाऊक आहे असं म्हणायला त्याची जीभ उचलेना. पहिली काठी पडली. तो मान खाली घालून घराकडे चालू लागला.