तीन ओरखडे

कृष्णकांत कोळीचा हुद्दा 'प्रयोगशाळा सहायक', म्हणजे पगार सहायकाचा आणि काम सगळ्यांचं. पनवेलहून पळस्प्याकडे जाताना लागणाऱ्या एका संशोधन संस्थेत तो सव्वीस वर्षं चिकटला आहे. चिकटला हा शब्द मुद्दाम वापरला, कारण त्याचं मुख्य काम चिकटपट्टीचं. काळपट स्फटिकाचा तुकडा पट्टीवर ठेवायचा, पट्टी मिटायची, उघडायची, पुन्हा मिटायची. असं सोलत सोलत शेवटी दोन-चार अणूंच्या जाडीचा पापुद्रा उरतो. जगातलं सगळ्यात पुढारलेलं विज्ञान चिकटपट्टीवर चालतं हे सरकारला कळलं, तर अनुदान बंदच व्हायचं.

हा पापुद्रा म्हणजे नखरेल बाई. हवा लागली की टोपलीत विसरलेल्या ओल्या बोंबलापेक्षा लवकर नासतो, म्हणून सगळं काम हातमोजे जोडलेल्या बंद काचपेटीत. पण कडाक्याच्या थंडीत ठेवला की एवढासा जीव चक्क लोहचुंबक होतो. तो ताणला, तर त्याचं चुंबकत्व बदलायला हवं, असं जगभरचे गणिती सांगतात. ताणायचा कसा? प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवायचा आणि स्क्रू पिळून पट्टी वाकवायची. पट्टीची वरची बाजू ताणली जाते, तिच्याबरोबर पापुद्राही.

पापुद्रा पट्टीवर बसवला की कृष्णकांत त्याच्याभोवती सुईने तीन ओरखडे काढायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याचा बाप दिनानाथ करंजा बंदराच्या पुढे भर समुद्रात डोल जाळं लावायचा. पाण्यावर काय पाटी लावता येते? तो होडीतून द्रोणागिरीचं टोक आणि घारापुरीचा उतार बघायचा, दोन्ही खुणा जुळल्या की तिथे जाळं. दिनानाथ म्हणायचा, "खुना नाय जुळल्या तं जाला हाललाय. डोंगर नाय हालत." बाप गेला, होडी विकली, घर पनवेलच्या कोळीवाड्यात आलं, खुणा तेवढ्या राहिल्या.

प्रयोगाचे प्रमुख डॉक्टर सत्यजीत सर. त्यांनी पट्टी चाळीस वेळा वाकवली, दीड टक्का ताण दिला, आणि चुंबकत्व तसूभर हललं नाही. सर आनंदाने वेडे व्हायचे बाकी राहिले. सगळ्या जगाची गणितं चूक! हे पनवेलात सिद्ध झालं! शोधनिबंध लिहून व्हायच्या आत पेढे आले. त्याच पेढ्यांच्या भरात सर म्हणाले, "कृष्णकांत, या वेळी तुमचंही नाव घालू. पाचवं."

सव्वीस वर्षांत त्याचं नाव कुठेच छापलं गेलं नव्हतं. क्वचित आभाराच्या ओळीत 'इतर कर्मचारी' म्हणून तो असायचा. त्याला रडूच येणार होतं. त्याऐवजी त्याने दोन पेढे खाल्ले.

मग त्याने एकच मूर्खपणा केला. बहिणीला सांगितलं. गोदूबाई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी, बाजारात मासळी विकते, आणि तिला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. तिसऱ्या दिवशी कोळीवाड्याच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. 'जागतिक शास्त्रज्ञ कृष्णकांत दिनानाथ कोळी यांचे हार्दिक अभिनंदन.' त्याचा फोटो तळहाताएवढा, शुभेच्छुक गोदूबाईंचा सुपाएवढा, काळ्या चष्म्यासकट.

त्याच दुपारी तो मितालीसाठी निबंधात पापुद्र्याचे सूक्ष्मदर्शकातले फोटो लावत होता. मिताली सरांची विद्यार्थिनी, निबंध तीच लिहीत होती. एक फोटो वाकवण्याआधीचा, एक नंतरचा. कृष्णकांतने सवयीने ओरखडे बघितले आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी घेतले. आधी पापुद्र्याचा कोपरा पहिल्या ओरखड्याला टेकलेला होता. नंतरच्या फोटोत मध्ये केसभर फट होती. म्हणजे पट्टी ताणली जात होती आणि पापुद्रा तिच्यावरून आरामात घसरत होता. खालची चादर ओढली म्हणून वर झोपलेला माणूस काही लांब होत नाही. पापुद्र्याला कुणी ताणलंच नव्हतं, तर त्याचं चुंबकत्व बदलणार कशाला?

त्याने फोटो बंद केले आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सांगू, असं मनाशी म्हणाला. दुसऱ्या दिवशी नाक्यावर तिघांनी 'काय शास्त्रज्ञ!' म्हणून हाक मारली. मग सर दिल्लीला गेले. मग रविवार आला. न बोलणाऱ्याला कारणांचा कधी तुटवडा पडत नाही.

बाराव्या दिवशी मिताली म्हणाली, "काका, शनिवारी पेपर पाठवतोय. फोटो मी परत चेक नाही केले हं. तुम्ही लावलेत ना, मग झालं."

कृष्णकांत उठला आणि तडक सरांच्या खोलीत गेला. दोन्ही फोटो टेबलावर ठेवले, बोट फटीवर ठेवलं. सर वाकून बघू लागले. त्यांच्या चेहऱ्यावरून सगळ्या जगाची गणितं एकेक करून बरोबर होत गेली.

"हे तुम्हाला कधी दिसलं?"

'आत्ताच' म्हटलं असतं, तर नाव राहिलं असतं, शाबासकी वर मिळाली असती. तो शब्द जिभेवर आलाही.

"बारा दिवस झाले, सर."

"बारा दिवस?" सर म्हणाले. "अहो, मी गेल्या आठवड्यात दिल्लीत भाषण ठोकून आलो!" मग आवाज खाली आला. "चूक दाखवलीत, तुमचे उपकार आहेत. पण लपवलीत. प्रयोग पुन्हा करू, निबंधही होईल. त्यात तुमचं नाव नसेल."

कृष्णकांतला यात भांडण्यासारखं काही सापडलं नाही. पुढे दोन महिन्यांनी पापुद्र्याची दोन्ही टोकं सोन्याच्या बारीक पट्ट्यांनी दाबून ताण दिला, तेव्हा चुंबकत्व गणिती म्हणत होते तसंच बदललं. सरांची क्रांती जाऊन तिच्या जागी जुन्या गणितांना दुजोरा आला.

पण सरांना सांगितलं त्या संध्याकाळी त्याला गोदूबाईला तोंड दाखवायचं होतं. ती पडवीत विळीवर मांदेली साफ करत बसली होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फ्लेक्सवरून आता आपला उद्धार होणार, अशी त्याची खात्री होती.

गोदूबाईचा हात थांबला. "बारा दिस तुला ठाव व्हता?"

"हो."

"आनि बारा दिस तू माज्या हातचा जेवलास. तुज्या घशाखाली उतरला कसा रं?"

सरांसमोर तो रडला नव्हता. इथे त्याचे डोळे भरून आले, कारण खरं म्हणजे उतरत नव्हतंच.

गोदूबाईने हात धुतले, ताट वाढलं, भातावर कालवण ओतलं.

"सांगलास ना? आता जेव."

कृष्णकांत बसला, आणि त्या दिवशी त्याने दोनदा भात मागून घेतला.